सेतुरावांचा हुजऱ्या

सेतुरावांनी पहिल्या भेटीत मला ऐकवलेलं पहिलं वाक्य असं होतं: "खोली देतों. मीशी काढा."

तंजावरला बदली होऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. बँकेत कुणीतरी सांगितलं, एका मराठी घराचा वरचा मजला रिकामा आहे. मी कोल्हापूरचा. परमुलखात मराठी घरमालक मिळतोय म्हणून हुरळून गेलो होतो, आणि हा सत्तरीचा गृहस्थ माझ्या डोळ्यांकडे न बघता नाकाखाली बघत होता. भिंतीवर त्यांच्या वाडवडिलांच्या तसबिरी होत्या, एकेकाची मिशी पीळदार. सेतुराव मात्र गुळगुळीत. मी ते हसण्यावारी नेलं. खोली मिळाली, मिशीही राहिली, पण पुढचे आठ महिने ते तिच्याकडे नाराजीनेच बघत राहिले.

त्यांची मराठी जुनी, 'कोठें' आणि 'तेव्हढें' अशी, आणि चाल पुरती तमिळ. त्यात ते प्रत्येक अक्षरासाठी तोंड इतकं उघडत की पहिले काही दिवस मला वाटायचं, हे मला बाराखडी शिकवताहेत. घरात ही मराठी बोलायला दुसरं कुणी नव्हतं. बायको तमिळ घरातली. मुलगा चेन्नईत, त्याला मराठी कळते, पण उत्तर तमिळमध्ये येतं. म्हणून सेतुराव मराठीत बोलत ते माझ्याशी आणि हुजऱ्याशी.

हुजऱ्या म्हणजे त्यांनी स्वतः बनवलेला रोबो. मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, ठेवायचा स्टीलचा डबा, त्याला चार चाकं, पुढे कॅमेरा, वर मोबाइलएवढा पडदा आणि पोटात पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर. सेतुरावांनी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, हे इंटरनेटवर गेले.

त्यांची थोरली बहीण पापनाशमला एकटी राहते. सगळे तिला अक्का म्हणतात. सेतुराव दर रविवारी बसने तिच्याकडे जात. आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तीन महिने बसची पायरी चढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याआधी हुजऱ्याला अक्काच्या घरी रुजू करायचं होतं. सेतुरावांनी तंजावरहून बटणं दाबायची, हुजऱ्याने तिथे घरभर हिंडून अक्काला गाठायचं आणि दोघांनी एकमेकांना पडद्यावर बघायचं, असा बेत होता. मी विचारलं, साधा फोन का नको? तर म्हणाले, अक्का फोन उचलत नाही. हट्टीपणा घराण्यातलाच असावा, अशी मी मनाशी नोंद केली.

बँकेतला प्रिंटर मी दोनदा चालू केला होता. तेवढ्या कीर्तीवर सेतुरावांनी मला हुजऱ्याचा वैद्य नेमलं. मग रोज सकाळी दाढी करताना खालून हाक यायची. "हुजऱ्या आंधळा झाला" म्हणजे कॅमेरा लागत नाही. "हुजऱ्या झोंपला" म्हणजे वायफाय तुटलं. "हुजऱ्यानें घर बदललें" म्हणजे राउटर बंद-चालू झाल्यामुळे त्याचा नेटवर्कवरचा पत्ता बदलला. तो चार आकड्यांचा पत्ता ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत, त्यामुळे एकादशी कधी आहे हे त्या घरात कुणालाच वाचता येत नसे.

आंधळेपणाचं कारण दुसऱ्याच दिवशी सापडलं: कॅमेऱ्याची चपटी वायर उलटी खोचली होती. झोपेचं कारण शोधायला मात्र तीन आठवडे गेले. राउटर बदलला, सेटिंगं बदलली, सेतुरावांनी हुजऱ्याला खडसावूनही पाहिलं. शेवटी माझ्या डोक्यात आलं की वायफायचा तुकडा आपण स्टीलच्या डब्यात झाकण लावून बसवलाय. सिग्नल आत शिरणार कुठून? सेतुरावांनी डब्याला खिडकी कापली. त्यांच्या बायकोने तो डबा ओळखला आणि दोन दिवस मला कॉफी मिळाली नाही.

चित्र यायला लागलं, पण मधूनमधून थिजायचं. मी सुचवलं, चित्र लहान करू, म्हणजे नेटवर्कवरचा भार कमी होईल. ते साफ नाही म्हणाले. "तोंड दिसलें पाहिजे," हे त्यांचं पालुपद. हात नाही दिसले तरी चालतील, घर नाही दिसलं तरी चालेल, तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे. मला याहून चक्रम वाटलं ते दुसरंच. हुजऱ्याला त्यांनी स्पीकर बसवला नव्हता आणि माइकही नाही. मी बाजारातून आणून देतो म्हटलं, तर म्हणाले, "कशास? वजन वाढतें."

एका रविवारी ते हुजऱ्याला मांडीवर घेऊन बसने पापनाशमला गेले आणि अक्काच्या घरी राउटरसकट त्याची स्थापना करून आले. ऑपरेशन शुक्रवारी होतं. मंगळवारी सकाळी त्यांनी मला चाचणीला बोलावलं. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर लाल फरशी आली, मग खांब, मग स्वयंपाकघराचा उंबरठा, मग हिरव्या लुगड्याचा काठ. हुजऱ्या थांबला. अक्का पाट ओढून त्याच्यासमोर बसली. पांढरे केस, नाकात हिऱ्यांची मुगुट्टी. तिने तोंड उघडलं आणि चित्र थिजलं. पुन्हा हललं, पुन्हा थिजलं. सेतुरावांच्या कपाळावर घाम आला.

शेवटी तेच म्हणाले, "शेवटचें शेत." त्यांनी मला समजावलं, कालव्यात मुखाशी दणदणीत पाणी सोडलं की वाटेत फुटतं आणि शेवटचं शेत कोरडं राहतं. धार बारीक असावी, पण न तुटता पोचावी. मग त्यांनी स्वतःच चित्र पाव आकाराचं केलं. अक्काचं तोंड रुपयाएवढं झालं. पण हलायचं थांबेना.

आणि मग सेतुराव बोलायला लागले, आवाज न काढता. ओठ तेच, तसेच मोठे उघडणारे, पण खोलीत फक्त पंख्याचा आवाज. पलीकडे अक्काचेही ओठ हलत होते. दोघं हसत होती, मध्येच भांडत होती, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

अक्का आठ वर्षांची असताना तापात तिचे कान गेले, हे मला त्या दिवशी कळलं. सेतुराव तेव्हा पाच वर्षांचे. ओठ वाचायला ती घरातल्या मराठीवर शिकली, त्यामुळे तमिळ तिला वाचता येत नाही. गल्लीतली माणसं तिच्याशी खुणांनी बोलतात. सोमवार ते शनिवार तिच्याशी बोलणारं कुणी नसतं. मला स्वतःचीच लाज वाटली. स्पीकर आणून देणारा मीच.

अक्काने माझ्याकडे बोट केलं. मी मोठ्याने माझं नावगाव सांगितलं. ती माझ्या नाकाखाली बराच वेळ बघत राहिली, मग भावाकडे वळून काहीतरी म्हणाली.

"म्हणते, मनुष्य मराठी दिसतो, पण पडद्याआड बोलतो," सेतुराव म्हणाले. मग चष्मा पुसत जरा हळू म्हणाले, "आमच्या घरांत मराठी ऐकणारें कोण्ही उरलें नाहीं, चव्हाण. बघणारी एक आहे."

शुक्रवारी त्यांचं ऑपरेशन झालं. ते इस्पितळात असेपर्यंत सकाळची पाळी माझी, असं ठरलं. कोल्हापूरच्या माणसाने मिशी काढणं ही घरी फोन करून सांगावी लागणारी गोष्ट आहे. मी फोन केला नाही. शनिवारी सकाळी उघड्या तोंडाने हुजऱ्याची बटणं दाबली, दोनदा खांबाला धडकवला आणि अक्काला गाठलं.

मी घाईघाईने बोलायला लागलो. तिने तळहात दाखवला: हळू. मग मी सेतुरावांसारखं तोंड उघडून सांगितलं की ऑपरेशन चांगलं झालं, ते बरे आहेत. तिने डोळे मिटून हात जोडले. त्यानंतर ती जे बोलली ते मला कळेना. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं. चौथ्यांदा कळलं.

"जेवलास कीं?"

आठ महिन्यांत मला हे मराठीत कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो. तिने माझ्या तोंडाकडे बघून मान हलवली, नाही. मग उठून आत गेली आणि दोन इडल्यांची ताटली आणून कॅमेऱ्यासमोर धरून बसली. चित्र एकदाही थिजलं नाही.