तात्यांचा कॉम्प-ऑफ

गेल्या श्रावणात शेजारच्या गेनूतात्यांनी मला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. वर लाडूही मागितला. म्हणाले, "आत्ता दिल्या, दिवाळीला धरा, मास्तर!" त्याच महिन्यात सोमवारचा उपास त्यांनी रविवारीच उरकला आणि सोमवारी मिसळ हाणली. काकू संतापल्या. तात्या शांतपणे म्हणाले, "द्येवाकडं नोंद हाय."

या खुळाचं मूळ माझ्याच घरात आहे. तात्यांची नात सोनल वाकडच्या शाळेत बारावीला होती. आईबाप दुबईला, त्यामुळे पोर लहानपणापासून इथे पुनावळ्यात, आजी-आजोबांजवळ. गणिताला माझ्याकडे यायची. तिला अमेरिकेत शिकायला जायचं होतं. तिकडच्या कॉलेजातले काही विषय इथे शाळेत असतानाच परीक्षा देऊन पार करता येतात. गुण चांगले पडले तर कॉलेज ते धरतं, पुन्हा शिकावे लागत नाहीत. हे मी तात्यांना सविस्तर समजावलं.

तात्यांनी चाकणच्या कंपनीत तीस वर्षं प्रेस मशीन चालवलेलं. मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजी कॉम्प-ऑफ! रैवारी ड्युटी करायची, सुट्टी मागनं घ्यायची. सरळ सांगा की राव!"

मी हसून हो म्हटलं. तिथेच चुकलो.

मग वर्षभर त्यांच्या घरात दुपारचा टीव्ही बंद. कुकरलासुद्धा शिट्टीची बंदी. सोनल आत गणितं सोडवायची आणि तात्या बाल्कनीतल्या झोपाळ्यावर डोळे अर्धे मिटून बसायचे. समोर त्यांच्याच जुन्या शेतावर टॉवर उभे आहेत, पण ते त्यांना दिसत नसावेत. "मास्तर, तितल्या कालेजात लई मोठी झाडं असत्यात म्हनं. पानं लाल व्हऊन गळत्यात. त्यातनं आमची सोनल चालतीया... हळूहळू..." झोपाळा कुरकुरत राहायचा, ऊन उतरत जायचं, आणि क्षणभर मलाही ती लाल पानं दिसायची.

मे महिन्यात परीक्षा झाली. पेढे अर्थातच त्याच संध्याकाळी वाटले गेले. निकाल जुलैत लागला. गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्हींत पाचपैकी पाच! दोन्ही विषय धरल्याचं तिला प्रवेश दिलेल्या कॉलेजनेही कळवलं.

त्या दिवशी तात्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्याकडे घेऊन आले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "दोन विषय म्हंजी किती सुट्टी, मास्तर? पोरगी घरला किती लवकर यील?"

हा माणूस वर्षभर कशासाठी धडपडत होता ते मला तेव्हा कळलं. तेवढ्यात सोनल धावत आत आली.

"तात्या, दोन विषय सुटले ना, त्या जागी मला खगोलशास्त्र घेता येईल! चारही वर्षं भरगच्च!"

तात्यांनी कॅलेंडरची सावकाश गुंडाळी केली. "घे की पोरी. बिनघोर घे."

सोनल आजीला सांगायला पळाली. तात्या मात्र उठेनात. खिडकीबाहेरच्या आभाळाकडे बघत बसले.

"मास्तर, ते ताऱ्यांचं मला बी शिकवाल का? फोनवर पोरीला इचाराया मला यकच येतं... जेवलीस का?"