फियाटचं आतलं हँडल

हिंमतरावांच्या जुन्या फियाटच्या डाव्या दाराचं आतलं हँडल नेमकं कधी तुटलं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. त्या बाजूला द्वारकाबाई बसायच्या, आणि त्या गेल्यापासून तिथे कुणी बसलंच नव्हतं. नम्रताचा फोन आला म्हणून हिंमतरावांनी गाडी आतून पुसायला घेतली, तेव्हा हँडलच्या जागी एक गंजका खुंट तेवढा दिसला.

नम्रता ही त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन कोल्हापूरला गेलेली. एरवी यायची ती स्वारगेटहून रिक्षा करून. या वेळी मात्र म्हणाली, "बाबा, शनिवारी येतेय. घ्यायला याल? आपल्या गाडीनं?"

हिंमतराव हरखले. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "आणि आल्यावर तुमच्या एकटं राहण्याचं काय ते ठरवू."

ऑडिट खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला 'ठरवू' या शब्दाचा अर्थ कळतो. विश्रांतवाडीचा फ्लॅट बंद करायचा, गाडी भंगारात द्यायची आणि कोल्हापूरला जावयाच्या घरी पेपर वाचत बसायचं, हे ठरलेलं होतं. ठरवणं तेवढं बाकी होतं. अशा वेळी मुलगी गाडीत बसावी आणि तिला आतून दार उघडता येऊ नये, म्हणजे तिच्या हाती आयतं कोलीतच. हँडल शनिवारच्या आत बसायलाच हवं होतं.

आधी ते एका चकचकीत दुकानात गेले. काउंटरवरच्या तरुणानं बराच वेळ कॉम्प्युटर बडवला आणि सांगितलं, "सर, तुमची गाडी सिस्टीममध्ये नाहीये."

"बरोबर आहे. ती पार्किंगमध्ये आहे," हिंमतराव म्हणाले आणि बाहेर पडले.

मग ऑनलाइन मागवलं. फोटो तंतोतंत होता. आलेलं हँडल अंगठ्याच्या नखाएवढं निघालं, कारण ते कपाटात मांडायच्या खेळण्यातल्या फियाटचं होतं. शेवटी ते बसनं नाना पेठेत अल्लाबक्षकडे गेले. जुन्या गाड्यांच्या पार्टचं हे दुकान इतकं भरलेलं, की मालक स्वतः फुटपाथवर खुर्ची टाकून बसायचा.

"सॅम्पल?" अल्लाबक्षनं विचारलं.

"तुटलं. हरवलं."

"मग उजव्या दाराचं आणा. त्यावरून डावं काढतो. आणि काचा खालीवर करायची हँडलं पण आणा, दोन्ही दारांची. त्यावरून साल कळतं."

"साल मी सांगतो ना."

"तुम्ही गाडीचं सांगणार. मला हँडलचं पाहिजे. तुमच्या गाडीत कुठल्या सालाची काय काय हँडलं आहेत, ते तुम्हाला तरी माहिती आहे का?"

हे खरं होतं. नम्रता सासरी गेल्यावर मागे बसणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मागच्या दारांची हँडलं काढून त्यांनी पुढे लावली होती. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, हिंमतरावांनी पुढचीही सगळी उतरवली, पिशवीत घातली आणि पुन्हा बसनं जाऊन दुकानात दिली. "ठेवून जा. जुळवतो, मग फोन करतो," अल्लाबक्ष म्हणाला. दुपारपर्यंत काही त्याचा फोन आला नाही.

आता, हिंमतरावांना एक सवय होती. रोज संध्याकाळी थर्मासमध्ये चहा घेऊन ते पार्किंगमध्ये उतरायचे आणि गाडीत आपल्या जागेवर बसायचे. गाडी सुरू करायची नाही, कुठे जायचं नाही, नुसतं बसायचं. घरात दोन खुर्च्या होत्या आणि समोरची रिकामी खुर्ची त्यांच्या डोळ्यांत खुपायची. गाडीत ती अडचण नव्हती. शेजारचं माणूस एरवीही बाजूलाच असतं, दिसत नाही.

सुरुवातीला येणारेजाणारे काचेवर टकटक करून "सगळं ठीक ना, काका?" असं विचारायचे. द्वारकाबाईंना जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते, आणि ठीक काय असणार. वैतागून त्यांनी मागच्या काचेला एक आणि बाजूच्या काचेला एक अशा पाट्या लावल्या: 'गाडीत बसलेला माणूस बसण्यासाठीच बसलेला आहे. काचेवर टकटक करून चौकशी करू नये.' पुण्यातली माणसं पाटीला मान देतात. त्यानंतर कुणी चौकशी केली नाही. मागाहून कधीतरी हिंमतरावांना वाटलं होतं, की एखाद्यानं केली असती तरी चाललं असतं. पण लावलेली पाटी काढायची म्हणजे माघार घेतल्यासारखं दिसतं.

तर शुक्रवारी संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे गाडीत बसले आणि सवयीच्या हातानं दार ओढून घेतलं. दार बसल्याचा आवाज आला आणि त्याबरोबर आपल्या सगळ्या हँडलांचा मुक्काम नाना पेठेत असल्याची आठवणही आली.

त्यांनी डावीकडे पाहिलं, मागे पाहिलं. बाहेरून उघडणारी चार दारं होती आणि आतून उघडणारं एकही नव्हतं. काचा चढवलेल्या. पुढची तिकोनी काच तेवढी उघडी होती. तिच्यातून वारा येत होता आणि मनगट बाहेर जात होतं, हिंमतराव जात नव्हते.

वॉचमन नागोराव गेटवर होता. हिंमतरावांनी हळूच हॉर्न वाजवला. नागोराव लगबगीनं उठला, गेट सताड उघडलं आणि सलाम ठोकून उभा राहिला. गाडी हलेना, तेव्हा थोड्या वेळानं त्यानं गेट लावून घेतलं. दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला, तर त्यानं पुन्हा गेट उघडलं.

मग दुसऱ्या मजल्यावरची तेजस्विनी कानात इअरफोन घालून चालायला निघाली. हिंमतरावांनी दोन्ही हात हलवले. तिनंही दोन्ही हात हलवले. "हाय काका," म्हणाली आणि गेली.

हॉर्नच्या आवाजानं सोसायटीचे सेक्रेटरी उत्तरेश्वर तणतणत खाली आले. हिंमतरावांनी तिकोनी काचेतून म्हटलं, "अहो, जरा इकडे या."

उत्तरेश्वर जवळ आले, पण दोन हात अंतरावर थबकले. "मागे मी एकदा टकटक केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ही पाटी लागली. आपण विसरला असाल, मी नाही. बसा निवांत." एवढं बोलून ते वळले आणि गेले. त्यांच्या पाठीमागे 'अडकलोय हो' असं ओरडणं हिंमतरावांच्या जिभेवर येईना.

हिंमतरावांनी मोबाइल काढला. सोसायटीच्या ग्रुपवर लिहावं, तर बाबांवर लक्ष ठेवायला म्हणून त्या ग्रुपवर नम्रताही होती. एखाद्याला फोन करावा, तर ग्रुपवरच्या आकड्यांत कुणाचा नंबर कुठला? इतकी माणसं रोज हात करून जातात आणि त्यातल्या एकाचाही नंबर आपण नावानं लिहून ठेवलेला नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं. अलीकडे केलेल्या फोनांत दोनच नावं होती, एक मुलगी आणि दुसरा अल्लाबक्ष.

"तयार आहे तुमचा माल, आत्ताच जुळला," अल्लाबक्ष म्हणाला. "या घेऊन जायला."

"तुम्ही घेऊन या."

"आम्ही घरपोच देत नाही."

"मी गाडीत आहे."

"मग गाडी घेऊन या."

"गाडी आणीन हो. पण तिच्यातून उतरणार कसा? हँडलं तुमच्याकडे आहेत."

अल्लाबक्ष हसत नव्हता, निदान आवाज तरी येत नव्हता. "पत्ता सांगा," तो म्हणाला. "दुकान बंद करून येतो. तोपर्यंत कुठे जाऊ नका."

हिंमतरावांनी सुस्कारा टाकला. चहा ओतणार, तोच गेटपाशी रिक्षा थांबली आणि बॅग घेऊन नम्रता उतरली. यायचं होतं शनिवारी, आली शुक्रवारी. ती सरळ जिन्याकडे गेली, वर बेल वाजवून पुन्हा खाली आली आणि गाडीकडे वळली. हिंमतरावांनी कप हातात धरला आणि खास बसण्यासाठीच बसलेल्या माणसाचा चेहरा केला.

नम्रतानं पाटी वाचली. मग डावं दार बाहेरून उघडलं. मोकळा वारा आत आला. आता नुसतं 'दार उघडंच राहू दे' म्हणायचं होतं, पण त्याला कारण काय सांगायचं, हे शोधण्यात हिंमतरावांचा क्षण गेला. नम्रता आईच्या जागेवर बसली, आणि या गाडीचं दार जोरात आपटावं लागतं हे लहानपणापासून माहीत असल्यामुळे तिनं ते जोरात आपटलं.

"सुट्टी एक दिवस आधी मिळाली," ती म्हणाली. "रोज बसता इथं?"

"जागा बरी आहे."

तिनं समोरच्या डॅशबोर्डवरून बोट फिरवलं. "आई इथं बसून काय बोलायची हो?"

"'हळू चालवा.'"

"आणि तुम्ही?"

"मी म्हणायचो, ही याहून जोरात जातच नाही."

नम्रता हसली आणि हसता हसता रडायला लागली. हिंमतरावांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिच्या हातात दिला. दोघांच्याही मनात एवढ्या दिवसांचं साठलेलं होतं, ते निघत गेलं. आई शेवटी काय म्हणाली, घरात कुणी बोलत नाही म्हणून रेडिओ कसा चालू ठेवावा लागतो, कोल्हापूरला सगळं असूनही तिला संध्याकाळी कसं रिकामं वाटतं. तिथे नेण्याचं तिनं बोलायला घेतलं आणि अर्ध्यावरच सोडून दिलं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बाबा, दाराला आतून हँडल नाहीये."

हिंमतरावांनी थर्मासचं बूच घट्ट केलं.

"बसल्याबसल्याच कळलं मला. तुमच्या बाजूलाही नाहीये."

"येतंय," हिंमतराव म्हणाले.

गेटमधून स्कूटर आत आली. अल्लाबक्ष पिशवी घेऊन गाडीपाशी आला, पण त्याचीही हयात पुण्यातच गेलेली. त्यानं काचेवर टकटक करायला उचललेला हात तसाच ठेवून पाटी वाचली. मग आत पाहिलं. दोघं जण, एक कप आणि एक झाकण. तो चार पावलं मागे गेला, नागोरावच्या स्टुलावर बसला आणि त्यानं खिशातून फोन काढला.

हिंमतरावांचा फोन वाजला.

"पाटी वाचली," अल्लाबक्ष म्हणाला. "बसलेले आहात की अडकलेले?"

हिंमतरावांनी नम्रताकडे पाहिलं. तिनं रिकामं झाकण पुढे केलं होतं. थर्मासमध्ये अजून चहा होता.

"बसलेले आहोत," हिंमतराव म्हणाले.