पुसदच्या वेशीवरचा आरसा

रशीद मिस्त्री मला पहिल्यांदा दिसले ते एका लोखंडी ड्रमभोवती गोल गोल फिरताना. अंगात बनियन, खांद्यावर ओलं फडकं, हातात एक जाड काच, आणि ती ड्रमवर बसवलेल्या दुसऱ्या काचेवर घासणं चालू. मी नमस्कार केला. मान वर न करता ते म्हणाले, "थांबा सर, दारव्हा येऊन राह्यलं."

आम्ही उभे होतो कळंबात, त्यांच्या घरामागच्या अंगणात. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे मला धक्का जरा जास्तच बसला.

दुर्बिणीचा आरसा हाताने करायचा तर दोन काचांमध्ये भुकटी घालून घासत बसावं लागतं. काच सगळीकडून सारखी झिजावी म्हणून ड्रमभोवती फिरावं लागतं. आमच्या दुर्बीण मेळाव्यातले सगळेच फिरतात. पण मिस्त्री फेऱ्या मोजायचे आणि कळंब-पुसद रस्त्यावर मांडायचे. तीनशे फेऱ्यांचा एक किलोमीटर, की एक सरकी या डब्यातून त्या डब्यात. जाड भुकटी यवतमाळपर्यंत, बारीक बोरी अरबपर्यंत, त्याहून बारीक दारव्ह्यापर्यंत. दिग्रसला राळेवर पॉलिश सुरू. सव्वाशे किलोमीटरवर पुसद आलं की आरसा तयार. वर्षाला एक पुसद व्हायचं. एकदा भाभींनी जेवायला हाक मारली तर हा गृहस्थ ओरडतो, "आता नाही, मधात स्टॉप नाही!"

पूर्वी ते जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागलं, आणि मिस्त्रींकडे उरले हात आणि हा एक ड्रम.

दरवर्षी एखाद्या शाळेत मेळावा भरला की आरसे तपासायचं काम त्यांचं. वर्गाच्या खिडक्या बंद करायच्या, एक बारीक दिवा, एक दाढीचं ब्लेड. आरशावर पडणारी सावली बघून मिस्त्री निकाल देत. एका इंजिनिअरसाहेबांना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हा आरसा नाही साहेब, जेवाची ताटली हाये. काच झूट नाही बोलत." साहेब पुढची दोन वर्षं मेळाव्याला फिरकले नाहीत.

मग एका वर्षी मी गुपचूप मिस्त्रींचाच आरसा तपासला आणि हबकलो. मधला खोलगटपणा केसभर कमी! दोन-तीन तासांचं पॉलिश बाकी. मागच्या वर्षीचा काढून पाहिला, तोही तसाच. त्याच्या मागचाही. दुसऱ्यांच्या चुका भिंगातून शोधणारा माणूस दरवर्षी एकच चूक करतो? त्यांच्या घरी जाऊन विचारलंच.

"चूक नाही सर," मिस्त्री म्हणाले. "पुसद एक कोस राह्यलं का मी थांबतो. आत नाही जायचं मले."

"पण काहून?" मीही त्यांच्याच बोलीत शिरलो.

उत्तर भाभींनी दिलं. जिनिंग बंद पडल्यावर धाकटा भाऊ हबीब पुसदला गेला, मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं, मोठ्यालाही बोलवायला आला. ड्रमवरच्या काचेकडे बघून म्हणाला, "भाईजान, काचा घासून पोट भरते का?" मिस्त्रींनी त्याच जागी शपथ घेतली, पुसदमध्ये पाय ठेवणार नाही. सात वर्षं झाली होती. दोघांत चिठ्ठी नाही की निरोप नाही.

आणि दरवर्षी हा माणूस पायी भावाच्या गावापर्यंत जात होता आणि वेशीवरून परत फिरत होता! मला रागच आला. असा कसा अडेलतट्टू माणूस?

यंदा मेळावा पुसदला ठेवायचं मीच सुचवलं. खोटं कशाला बोलू, मुद्दामच. मिस्त्रींना सांगितलं तर ते काच घासायचे थांबले, आणि सरळ घरात निघून गेले.

मेळाव्याच्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचा पत्ता नव्हता. मी आशा सोडली होती. तेवढ्यात टॉवेलात गुंडाळलेला आरसा छातीशी धरून मिस्त्री वर्गात आले आणि म्हणाले, "पाहा."

मी दिवा लावला, ब्लेड सरकवलं. सावली नेमकी पडायला हवी तशी पडली. इतका निर्दोष आरसा आमच्या मेळाव्यात कुणी आणला नव्हता. मी ओरडलोच, "मिस्त्री! म्हणजे गेलात तुम्ही हबीबकडे!"

"गेलतो. परवाच पुसदले आलो." अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. "दुकानाले कुलूप हाये सर. शेजारचा म्हणे, धंदा नाही चालला, तीन साल झाले सुरतले गेला. मिलमध्ये. पत्ता कोणापाशीच नाही. मग मी त्याच्याच ओट्यावर बसलो अन् राह्यलेलं पॉलिश करून टाकलं."

तीन वर्षं हा माणूस रिकाम्या गावाच्या वेशीवर थांबत होता.

मिस्त्रींनी पिशवीतून एक कोरी काच काढली. अजून एक ओरखडाही नसलेली. ती बाकावर ठेवली, शेजारी सरकीचा डबा ठेवला.

"सर, तुमी भुगोलाचे. कळंबहून सुरत किती लांब हाये?"

आयुष्यभर पोरांचे मार्क कापले मी चुकीच्या अंतरांसाठी. त्या दिवशी मी पाचशेहून जास्त असलेलं अंतर दीडशे किलोमीटर सांगितलं.