लोकअदालतीतला हार

हेमराज लांजेवार आणि शीलाबाई यांच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात दोघं एक महिनासुद्धा वेगळे राहिले नव्हते. तरीही एका शनिवारी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कोर्टात त्यांचा समेट झाला. म्हणजे झाला कसा, ते ऐका.

हेमराज हे सिंचन खात्यातून निवृत्त झालेले बाबू. शेजारच्या पुनारामच्या छपराचं पाणी त्यांच्या अंगणात पडायचं, त्यावरून सहा वर्षं दावा चालू होता. त्या शनिवारी लोकअदालत होती. लोकअदालत म्हणजे दोन्ही बाजू राजीखुशीनं तयार असतील तर तिथल्या तिथे निवाडा, आणि मग त्यावर अपील नाही. पुनाराम म्हणाला, "छपराच्या कडेला पन्हाळ लावतो." हेमराज म्हणाले, "लाव." पाच मिनिटांत सह्या झाल्या. वकील गुणाकर यांना तर फाईल नीट उघडायलाही वेळ मिळाला नाही.

बाहेर येऊन बघतात तो सोबत आलेल्या शीलाबाई बाकाच्या एका टोकाला, तोंड भिंतीकडे करून बसलेल्या. हेमराज दुसऱ्या टोकाला बसले. बायको कशावरून रुसली हे विचारावं, असं काही त्यांना सुचलं नाही. ही सवय त्यांना एकतीस वर्षांत लागलीच नव्हती.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली लोकअदालतीची एक स्वयंसेविका लगबगीनं आली. "अंकलजी, ऐसे मुंह फेरकर मत बैठिए. समझौता हो गया ना?"

"हो गया!" हेमराज छाती काढून म्हणाले.

"तो चलिए, हार पहनाना है."

आता इकडची रीत अशी, की ज्या नवरा-बायकोचं कोर्टात पुन्हा जुळतं, त्यांना लोकअदालतीत एकमेकांच्या गळ्यात हार घालायला लावतात, हातात एक रोप देतात आणि घरी धाडतात. त्या दिवशी असं एक जोडपं होतंही. पण जुळल्याच्या आनंदात ते फाटकाबाहेर चहा प्यायला गेलं होतं. हेमराजांना ही रीत ठाऊक नव्हती. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकच हार मिळाला होता, तोही निरोपाचा आणि सुकलेला. भांडण मिटवणाऱ्याचा सरकार असा मान करते म्हटल्यावर ते भारावूनच गेले.

"पुनाराम कुठी हाये? त्याले काहून नाई हार?" शीलाबाईंनी रास्त शंका काढली.

"तो गेला असन. तू घाल लवकर, साहेब उभे आहेत."

"कितने साल से चल रहा था?" न्यायाधीशसाहेबांनी मायेनं विचारलं.

"छह साल, साहब."

"अब झगड़ा मत करना."

"अब काहे का झगड़ा साहब!" हेमराज हसले आणि पेपरवाल्यानं फोटो काढला. शीलाबाई हसल्या नाहीत, आणि त्यामुळेच फोटो अगदी खराखुरा वाटला.

रविवारच्या पेपरात तो चार रंगांत आला. वर मथळा: "छह साल की दूरियां मिटीं, फिर एक हुए हेमराज-शीला."

"बाबा, ये क्या है?" मयुरीनं पेपर बापापुढे धरला. मयुरी ही त्यांची एकुलती एक लेक, शाळेत शिक्षिका. कटंगीच्या केदारशी तिचं जवळपास ठरलं होतं. पोरापोरीची पसंती झाली होती, पुढच्या रविवारी मुलाकडचे येऊन साखरपुड्याची तारीख धरणार होते.

हेमराजांनी मथळा दोनदा वाचला आणि पेपर उलटा करून ठेवला.

दहाच्या बसनं शीलाबाईंची बहीण चंपाबाई रामपायलीहून डोळे पुसत दाखल झाली. "सहा वर्षं वं शीला! अन् मले सांगतलं नाई?"

"काय सांगू? काई झालंच नाई त!"

"झालं नाई कसं? दिवाळीत मी आलती तवा जावईबुवा गच्चीवर झोपले होते. मले वाटलं गरमीनं."

"दिवाळीत कुठली गरमी?" शीलाबाई बोलून गेल्या आणि जीभ चावली. हेमराजांना घोरण्याबद्दल बोलणी बसत, म्हणून ते वर जाऊन झोपत. पण हे आता कोण ऐकणार?

मग काय, ज्याला त्याला पुरावे आठवू लागले. बाजारात हेमराज दहा पावलं पुढे चालतात. वाचनालय बंद होईस्तोवर तिथून उठत नाहीत. लग्नाकार्यात हे पुरुषांच्या पंगतीत, त्या बायकांच्या. सगळ्या बालाघाटचे पुरुष हेच करतात. पण बाकीच्यांचा फोटो कुठे आला होता?

दुपारी कटंगीहून केदारच्या वडिलांचा, हिरालाल यांचा फोन आला. "भाऊ, पेपर पाह्यला. रविवारचं जरा थांबू. घरात बोलून पाहतो." एवढं म्हणून फोन बंद. मयुरीनं रविवारसाठी काढून ठेवलेली साडी परत कपाटात ठेवली. पोरीच्या सुखात आपल्या हौसेचा हार आडवा आला, हे हेमराजांच्या जिवाला फार लागलं.

सोमवारी सकाळीच ते गुणाकर वकिलांकडे पोचले. "वकीलसाहेब, हा समेट रद्द करून द्या."

"कोणता समेट? तुमच्या दोघांच्या नावानं निवाडाच नाही. नुसता हार आहे. जे झालंच नाही, त्यावर अपील कसं करणार?"

"अन् झालं असतं त?"

"तर लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. दोन्हीकडून तुम्ही एकत्रच आहात, हेमराजजी. मजा करा."

"पण आमी कधी वेगळे झालोच नाई, ह्याचा काई कागद?"

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "लग्नाचा दाखला असतो, घटस्फोटाचा हुकूम असतो. नीट नांदतो आहोत याचा दाखला कोणतंच कोर्ट देत नाही. फार तर शपथपत्र करा."

"राशनकार्ड चालन?"

"राशनकार्डावर नावं एकत्र असतात. माणसं एकत्र आहेत की नाही, ते त्यावर लिहिलेलं नसतं."

हेमराजांनी शपथपत्र केलं, नोटरीचा शिक्का घेतला आणि तसेच पेपरच्या कचेरीत गेले. तिथल्या पोराला त्यांनी सगळी हकीगत सांगितली, पार छपरापासून. "म्हणजे आमचा समझौता झालाच नाई. एवढंच छापा."

"छाप देंगे अंकल," पोरगा म्हणाला. शब्दाला जागलाही. मंगळवारी चौकटीत छापून आलं: "खंडन. हेमराज एवं शीला लांजेवार के बीच कोई समझौता नहीं हुआ है."

झालं! आगीतून फुफाट्यात. शनिवारी जुळलं आणि मंगळवारी पुन्हा मोडलं, असं गावभर झालं. चंपाबाईनं तर बहिणीसाठी आपल्या घरची एक खोली झाडून ठेवल्याचा निरोप धाडला. वाचनालयात कोणी हेमराजांशी मोठ्यानं बोलेना, सुतकात बोलतात तसं हळूच बोलत.

बुधवारी कटंगीहून पुन्हा फोन. "रविवारी येतो आमी. दोघंच. केदार नाई येनार."

पोरगा येणार नाही म्हणजे नकारच. नकार तोंडावर सांगायला येताहेत, भली माणसं आहेत, असं हेमराजांनी मनाशी ठरवून टाकलं.

रविवारी शीलाबाईंनी हुकूम सोडला, "आज माह्याजवळ बसा." दोघं दिवाणावर शेजारी बसले. अशी सवय नसल्यानं हेमराजांना एक हात कुठे ठेवावा हे कळेना. शेवटी त्यांनी तो स्वतःच्याच गुडघ्यावर ठेवला. दुसऱ्या हातात शपथपत्र.

केदारची आई ललिताबाई बसनं आल्या आणि ऑटोतून उतरल्या. हिरालाल पाठोपाठ मोटारसायकलवर आले. दोघं खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसले. पाणी झालं. हेमराज खाकरले, कागद पुढे करणार, तोच ललिताबाई म्हणाल्या,

"ताई, मी लपवत नाई. दीड वर्ष झालं, हे शेतातल्या घरी राह्यते अन् मी गावात. बोलनं बंद हाये. पोरीवाल्याले कोन्या तोंडानं सांगाव, म्हनून केदारनं अन् आमी झाकून ठेवलं; लाजेनंच तो आज आला नाई. पेपर पाह्यला, त मी रडलीच. म्हटलं, हे आपल्यासारखेच मानसं. सहा वर्षांचं जुडते, त आपलं काहून नाई? मंग मंगळवारचं वाचलं अन् मन बसून गेलं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "दोन चुलीच्या घरात तुमी पोरगी नाई देनार, ठाऊक हाये. पन जुडलं होतं तवा कसं जुडलं होतं, तेवढं सांगा."

हेमराज शपथपत्राकडे पाहू लागले. त्यात लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ते आता वाचून दाखवणं म्हणजे समोरच्या बाईला दारातूनच परत धाडणं होतं. शीलाबाईंनी शांतपणे तो कागद त्यांच्या हातून काढला, घडी केली आणि बुडाखाली सारला.

"जुडलं हाये ना," त्या म्हणाल्या. "मंगळवारचं पेपरवाल्यानं चुकीचं छापलं."

"मंग बिनसलं कशावरून होतं?"

आता ही काय सांगणार, म्हणून हेमराज घाबरले. पण शीलाबाईंना शोधावं लागलं नाही.

"मानूस वाईट नाई, पन इचारत नाई. शेजाऱ्याच्या छपराचं पानी अंगनात येये. सहा पावसाळे ते पानी बादलीनं मी उपसलं. कंबर माही गेली. अन् त्या दिवशी ह्यांनी पाच मिनिटांत सही करून टाकली, 'लाव पन्हाळ' म्हने. मी बाहेरच बाकावर होती. 'शीला, करू का सही?' एवढं इचाराले काय लागते?"

हेमराजांच्या ध्यानात आलं, ही बनवून सांगत नाही. बाकावर तोंड फिरवून बसलेल्या बायकोचं कारण त्यांना आज, परक्या माणसांसमोर, आठ दिवसांनी कळत होतं.

"मंग?" कोपऱ्यातून हिरालाल पुढे सरकले. "भाऊ, तुमी काय केलं?"

"मी..." हेमराजांनी गुडघ्यावरचा हात काढला. "माफी मागतली."

शीलाबाईंनी मान वळवून पाहिलं. "कवा मागतली?"

"आत्ता. आत्ता मागून राह्यलो, शीला. चुकलंच माह्यं."

शीलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच आवाज चढवला, "पोरगी देतो आमी! पन लग्नात दोघंही सोबत उभे राह्यसान तवा. दोन ठिकाणून आशीर्वाद नाई चालनार माह्या मयुरीले."

दाराआड बांगड्या वाजल्या. मयुरी चहा घेऊन आली, आणि तिनं आधी होणाऱ्या सासूपुढे, मग सासऱ्यापुढे ट्रे धरला.

हिरालालांनी कप घेतला. दोन घोट प्यायले. मग बायकोकडे न बघताच म्हणाले, "बसनं कंबर दुखली असन तुही. जाताना गाडीवर बस."

ललिताबाईंनी पदर सारखा केला.

"हळू चालवान त बसन."