ओढ्यातला ढ

शुद्धलेखन चुकलं असेल आणि शब्द साधेच असतील, त्याबद्दल आधी माफी. पण झालं ते असं, की मंगळवारी साडेअकराला गवळणीचा ओढा नावदुरुस्तीचा अर्ज घेऊन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आला.

रीतसर नंबर लावून आला होता. आपल्याला वास येतो हे ठाऊक असल्यामुळे तो दाराशीच थांबला. बाकावरच्या लोकांनी पाय वर घेतले. खिडकीतल्या घोलपबाईंनी नाकाला रुमाल लावून अर्ज वाचला. शेजारची भिंत रंगवणारा अंकुश शिंगाडे, म्हणजे कार्यालयाचा रोजंदारीवरचा पेंटर, मागं वळला नाही. पण त्याचा ब्रश थांबला.

राहता कुठं, असं बाईंनी विचारलं. राहत नाही, वाहतो, असं ओढा म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं. उगम टेकडीवरच्या दगडी टाक्याखाली. तिथून गवळीवाडा, जिथं पूर्वी बायका दुधाची भांडी घासायच्या. मग पिठाची गिरणी, एसटी डेपोची मागची भिंत आणि शेवटी नदी. सगळ्या जुन्या कागदांवर ओढा असंच नाव आहे. आठ वर्षांपूर्वी डेपोजवळच्या पुलावर पालिकेचा बोर्ड लागला, 'गवळणीचा नाला'. त्याच आठवड्यात लोक पिशव्या टाकू लागले. फाईल ड्रेनेज विभागाकडे गेली, त्यांनी चार पाइप सोडले. आता उद्या नऊला वरून स्लॅब पडणार.

"बरोबरच आहे," घोलपबाई म्हणाल्या. "स्लॅब नाल्यावर टाकतात. ओढ्यावर टाकता येत नाही."

"मी ओढाच आहे, बाई."

"अहो, तुम्ही म्हणून काय होतंय? स्लॅबवाले फाईल वाचत नाहीत, बोर्ड वाचतात."

बाईंनी रजिस्टर काढलं. त्यात त्या बोर्डापुढं पेंटरचं नाव होतं.

"शिंगाडे, चिठ्ठीवर काय लिहून दिलं होतं तुला?"

"ओढा."

"मग नाला कुठनं आला?"

अंकुशचे कान तापले. सहावीत असताना गुरुजींनी पाटीवर मोठा ढ काढून ती त्याच्या गळ्यात अडकवली होती आणि त्याला तसंच गल्लीतून घरी पाठवलं होतं. शाळा सुटली ती सुटलीच. पुढं त्याचा हात बसला, अक्षर वळणदार झालं, पण तेवढं एक अक्षर त्यानं पुन्हा काढलं नाही. दाढी-कटिंगच्या दुकानावर तो केशकर्तनालय लिहायचा. डेपोसमोरच्या भिसेकाकांना 'ताजे पेढे' हवं होतं, त्यांना 'मिठाई' मिळालं. कुणाची तक्रार आली नव्हती.

"ढ येत नाही मला," तो म्हणाला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "म्हणजे येतो. काढवत नाही."

"घ्या. पेंटरच ढ," बाकावरचे एक आजोबा म्हणाले. दोघंतिघं हसले. ओढा हसला नाही.

"मी रोज त्या बोर्डाखालनं जातो," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं असेल."

बाईंनी अर्जावर 'बोर्ड पाहून निर्णय' असा शेरा मारला आणि पुढचा नंबर पुकारला. ओढा आपण ओली केलेली फरशी ओलांडून, कुणाला धक्का लागणार नाही असा, बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला अंकुश शिडी घेऊन पुलावर गेला. 'नाला' खरवडला. 'ओ' काढला. मग बराच वेळ ब्रश तसाच हातात राहिला. खाली ओढा थांबला होता; त्याला अवघडायला नको म्हणून वर बघत नव्हता. अंकुशनं ढ काढला. जरा मोठाच झाला. काना दिला.

नऊला मिक्सर आला. मुकादमानं बोर्ड बोट रोखून वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि गाडी वळवायला सांगितली. खालून पाणी वाहायला लागलं. अंकुशनं डबा झाकला, शिडी खांद्यावर घेतली आणि तो भिसेकाकांच्या दुकानाकडे गेला. त्यांचे पेढे राहिले होते.