गाडी पसंत आहे

आप्पारावांच्या रविराजचं लग्न जमत नव्हतं, म्हणून सर्वानुमते जर्मन गाडी घ्यायचं ठरलं.

यात हसण्यासारखं काही नाही. रविराज चौतिशीला टेकलेला, सीताफळाची बाग सांभाळणारा, सुपारीच्या खांडालाही न शिवणारा आणि वर आईला भाकरी थापू लागणारा. एवढे दोष एकाच मुलात असल्यावर मुलगी कोण देणार? मुलीकडच्यांना पुण्याची नोकरी लागते. आमच्या गल्लीतले त्रिंबकमामा सोयरिकी जुळवतात. त्यांनी बराच अभ्यास करून उपाय सांगितला.

"नोकरी न्हाई तर न्हाई. दारात परदेशी गाडी उभी करा आप्पाराव. येवढी मोठी, की तिच्याआड पोरगं दिसूच नये."

आप्पारावांच्या ऐपतीत एक नवी, छोटी, देशी गाडी बसत होती. पण तेवढ्यातच जुनी, मोठी, जर्मन गाडी येते असं मामांनी मोबाईलवर पाहून ठेवलं होतं. आप्पारावांनी अट घातली ती एकच. गाडी भरवशाची पाहिजे.

या प्रकरणात माझा संबंध काय, तेही सांगते. मी वत्सला, आप्पारावांच्या शेजारची. माझी धनश्री बीडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिचं लग्न झालं होतं. वर्षाच्या आत ती परत आली आणि रीतसर काडीमोड झाला. गेल्या दिवाळीत रविराजने घरात सांगून टाकलं, "मला धनश्री पसंत हाय." धनश्रीला विचारलं तर ती म्हणाली, "मलाही तो आवडतो. पण मी कुणाच्या दारात उभी राहून होकार मागणार नाही."

तेव्हा आप्पाराव, त्यांच्या मंडळी चंद्रभागाबाई आणि त्रिंबकमामा यांची समिती बसली. पोरगी गुणाची आहे, हे समितीने मान्य केलं. "पर एका घरी राहून आलेली हाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "कावून परत आली, कुणाला ठावं?" या मुद्द्यावर प्रकरण विचाराधीन ठेवण्यात आलं. उन्हाळा आला तरी ते विचाराधीनच होतं. आता त्याच समितीकडे गाडीचं काम आलं.

चंद्रभागाबाई मला बोलवायला आल्या. "वत्सलावहिनी, ओवाळायचं ताट घेऊन चला. गाडी म्हंजी लक्ष्मी. पर धनश्रीला आणू नका बरं का, सवाष्णीचं काम हाय."

मी ताट घेतलं. राग आला होता, पण कुतूहल त्याहून मोठं होतं.

बीडला बार्शी रोडवर मतीनभाईंचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. तिथे आमच्यासाठी खुर्च्या मांडलेल्या होत्या. पोहे झाले, चहा झाला, मग मतीनभाईंनी गाडीवरची चादर हळूच ओढली. काळी, लांबलचक, खाली मान घालून उभी. चंद्रभागाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"वय किती?" आप्पारावांनी सुरुवात केली.

"वय कागदावर हाय आप्पाराव. अंगावर दिसतंय का, ते सांगा."

"न्हाई दिसत," समिती म्हणाली.

"याआधी कुठं होती?"

"पैल्यांदा एका डॉक्टरकडं. मंग बिल्डरकडं. मंग लातूरला रस्त्याची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदाराकडं."

"म्हंजी तीन घरं फिरून आली," मामांनी जरा घसा साफ केला. "तिघांनीबी सोडली कावून?"

मतीनभाईंनी कानाला हात लावला. "पटलं न्हाई. खोटं कशाला बोलू?"

मी ताट घट्ट धरलं. आता समिती उठणार, असं मला वाटलं. पण आप्पारावांनी गाडीच्या बोनटवरून मायेने हात फिरवला.

"दोष मालकाचा असतो. वागवायची अक्कल पायजे. ती बिचारी काय करणार?"

"डॉक्टरला टाइम नसंल," मामा म्हणाले.

"बिल्डर म्हंजी येसनी असंल," चंद्रभागाबाईंनी भर घातली. "सोसलं असंल तिनं लई."

त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मी स्वतः पाहिलं.

पुढची तपासणी अशाच समजुतीने पार पडली. बोनट एकदा अपघातात बदललेलं होतं. चारचौघांत वावरायचं म्हटल्यावर एवढं तेवढं लागतंच. एसी लावला की डावीकडची काच आपोआप वीतभर खाली येत होती. मोठ्या घरची म्हटल्यावर थोडा स्वभाव असायचाच. डिझेल फार पीत होती. म्हणजे खात्यापित्या घरची. सुटे भाग जर्मनीहून मागवावे लागतात असं मतीनभाईंनी सांगितलं, तेव्हा तर चंद्रभागाबाईंचा चेहराच उजळला.

"म्हायेर लांब हाय, ते लई बेस. सारखं येणं-जाणं न्हाई."

मतीनभाईंनी किल्ली फिरवली. समोर एक लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

"ह्यो कशाचा?"

"युरोपची हाय ना. तिकडं शिस्त असती. काय दुखतंय-खुपतंय ते कळवत ऱ्हाती."

चंद्रभागाबाईंनी कपाळावरची टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली. "दिष्ट लागायला नको," त्या म्हणाल्या. लाल टिकलीआड लाल दिवा दिसेनासा झाला आणि गाडी निर्दोष ठरली.

एवढा वेळ रविराज कोपऱ्यात उभा होता. तो हळूच म्हणाला, "आप्पा, हिचं तीन ठिकाणी पटलं न्हाई तरी चालतंय. मंग धनश्रीचं एकाच ठिकाणी पटलं न्हाई तर..."

"गाडीची गोष्ट येगळी हाय बे," आप्पाराव कडाडले. "गाडीला लोक नावं ठिवत्यात का?"

मी गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, मामांनी नारळ फोडला. भरवशाची खात्री करायला ती कपिलधारला नेऊन आणली. उताराला ती फार सुंदर चालली. चढ आम्ही उतरून चढलो.

दुसऱ्याच आठवड्यात मामांनी नांदूरघाटचं स्थळ काढलं. मुलीचे वडील बबनराव, मोठं प्रस्थ. बघायला जाताना सवाष्ण पाहिजे म्हणून पुन्हा मी आणि माझं ताट मागच्या शिटावर. निघताना धनश्री अंगणात कपडे वाळत घालत होती. रविराजने तिच्याकडे पाहिलं. तिने साडी झटकली ती अशी, की चार थेंब गाडीच्या काचेवर उडाले.

गाव दोन हाकांवर आलं आणि गाडीने खोडी काढली. टिकलीआडून दिवा फडफडला, कसलीशी घंटी वाजली, इंजिन बंद पडलं आणि चारी दारं आतून घट्ट बसली. पडद्यावर जर्मनमध्ये काहीतरी उमटलं. मामांनी मतीनभाईंना फोन लावला आणि ते अडखळत वाचून दाखवलं.

"जर्मन न्हाई येत मला," मतीनभाई म्हणाले, "पर सूर बघता घाबरायचं काम न्हाई. सुरक्षितता हाय ती. चोर आत येऊ शकत न्हाई."

"आमी भाईर येऊ शकत न्हाई, त्याचं काय?"

"ते पुढच्या मॉडेलात सुधारलंय."

सुदैवाने छतातली काच तेवढी सरकली. आप्पाराव शिटावर चढून कमरेपर्यंत बाहेर आले आणि फेटा सावरत हात हलवू लागले. मागून येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने साखळी लावली, आणि अशा रीतीने आमची जर्मन गाडी नांदूरघाटात शिरली. ट्रॅक्टर पुढे, काळी गाडी मागे, आणि छतातून फेटेवाला माणूस दोन्ही हात हलवतोय. ते दार उघडा म्हणून हलवत होते. लोकांना वाटलं, उमेदवार आला.

"सायेब, नळाला पाणी कवा?" एक म्हातारी ओरडली.

"बघतो, बघतो," आप्पारावांच्या तोंडून निघून गेलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी हार घातला. कुणीतरी गुलाल उधळला, तो छतातून सरळ माझ्या ताटात.

बबनराव वाड्यातून धावत आले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "वढायला सोतंत्र ट्रॅक्टर ठिवलाय? वा! गाडी पसंत हाय."

मामांनी आतूनच माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मग बबनरावांनी डाव्या काचेच्या वीतभर फटीतून आत डोकावलं.

"आन् ह्यो कोण?"

"नवरदेव," मामा म्हणाले.

बबनरावांनी रविराजला न्याहाळलं, चंद्रभागाबाईंनी गाडीला न्याहाळलं होतं तसंच. "मॉडेल जुनं दिसतंय. आत्तापतुर कुणीच उचललं न्हाई, कावून? काय बिघाड हाय?"

छतातून आप्पारावांचा आवाज फुटला. "आवो पावणं, माणूस हाय त्यो! गाडी हाय का, बिघाड बघायला?"

नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर बंद झाला, त्यामुळे ते गावभर ऐकू गेलं.

"आप्पा," रविराज म्हणाला, "मी मतीनभाईच्या आवारात येवढंच म्हणत होतो."

आप्पारावांनी हार काढायचा प्रयत्न केला, पण तो फेट्यात अडकला होता.

मी धनश्रीला फोन लावला, आईला न्यायला ये म्हणून. ती आली तोवर चहा काचेच्या फटीतून आत आला, कपबश्या त्याच वाटेने बाहेर गेल्या. बघण्याचा कार्यक्रम एकूण व्यवस्थित झाला, कुणी कुणाला पसंत केलं नाही एवढंच. धनश्री आपल्या स्कूटीवर आली. तीही जुनीच, लॅबमधल्या बाईंकडून घेतलेली. गुलालाने माखलेली आई, छतातले आप्पाराव आणि साखळी, सगळं तिने एका नजरेत पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तरी हसू फुटलंच.

लुगड्यात छतातून बाहेर पडणं मला शक्य नव्हतं. रविराजला होतं. तो वडिलांच्या काखेखालून निघाला, टपावरून घसरत खाली आला आणि स्कूटीपाशी उभा राहिला.

"मागं जागा हाय का?"

"आहे. आधार कार्ड आहे का सोबत?"

"हाय."

"मग बस. बीडला नोंदणी कार्यालय उघडं असेपर्यंत पोचू, लग्नाची नोटीस आजच देऊ."

मी मागच्या शिटावरच बसून राहिले. गादी खरोखर मऊ होती.

महिन्याभराने लग्न झालं. आप्पारावांच्या बाजूने प्रकरण अजून विचाराधीन आहे. पण धनश्रीने केलेला चहा ते विचार करता करता रोज दोनदा पितात. चंद्रभागाबाईंनी आता माहेर जवळ असल्याचे फायदे शोधून काढले आहेत. जर्मन गाडी अंगणात चादरीखाली आहे. तिला कुणी नावं ठेवत नाही. येणारा-जाणारा चादर उचलून बघतो आणि म्हणतो, बिचारीला चांगला मालकच मिळाला नाही.

आणि तुम्ही? गाडी तीन घरं फिरून आली हे वाचून तुम्ही हसलात आणि पुढे गेलात. पण धनश्री वर्षाच्या आत का परत आली, ते मी अजून सांगितलेलं नाही, आणि ते कधी सांगते याची तुम्ही मघापासून वाट बघताय.

बघा बघा. खुर्च्या मांडलेल्याच आहेत, पोहे आणते.