एकोप्याचे चार गंज

मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या आमच्या गावात सामाजिक एकोपा आहे, ही गंभीर बाब प्रशासनाच्या निदर्शनास आली. गोंड, बौद्ध, बंगाली आणि तेलुगू अशा चार समाजांची घरं, आणि लग्नाला-तेरवीला लागणारा जर्मनचा भलामोठा गंज, म्हणजे पातेलं, मात्र सगळ्यांत मिळून एकच. त्यात वरण शिजवायची गुणाबाई. तिची जात गावाला पाठ होती. पण वरण असं उतरायचं की तो विषय काढून पंगतीतून उठायला कोणी तयार नसे. आमचा एकोपा एवढाच. उगाच देवमाणसं समजू नका.

हा एकोपा तपासायला गुणवंतराव नावाचे साहेब आले. "एकत्र भोजनाचा फोटो लागेल," ते म्हणाले. आम्ही लगेच पंगत मांडली. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो, यात कोण कोणाचं हे कळतंय कुठं? सगळे सारखेच दिसता! विविधता दिसल्याशिवाय एकता मंजूर कशी करायची?"

सबब चार पाट्या रंगवण्यात आल्या. प्रत्येक समाजाने पारंपरिक पोशाखात आपापल्या पाटीखाली बसावे, असे ठरले. गोंडांच्या पाटीखाली बसलेल्या लटारू मडावीच्या डोक्यावर डेकोरेशनवाल्याकडची शिंगं चढवली.

"साहेब, माह्या बापानं बी कधी नाई घातली जी हे."

"असू दे. फोटोत छान दिसतात."

बौद्धांच्या पाटीखाली राजदीप जीन्स घालून बसला होता. पारंपरिक काही नाही का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "हाच जी. धाव्वीपासून हाच घालून राह्यलो." त्याला कोणाचा तरी पांढरा सदरा चढवला. बंगाल्यांच्या हातात एकेक मासा दिला. तेलुगूंचं काय करावं हे न सुचल्यामुळे त्यांना मागच्या रांगेत उभं केलं.

झालं! "आमाले मागं काऊन?" तेलुगूंनी विचारलं. मग पहिली पाटी कोणाची, गंजाची वर्गणी जास्त कोणी दिली, आणि शेवटी आजवर पोटात ठेवलेला प्रश्न ओठावर आला, की गंजाला हात कोणाचा लागते?

साहेब चुलीपाशी गेले. "बाई, तुमची पाटी कोणती?"

"माही जागा इथीच जी, चुलीपाशी," गुणाबाई म्हणाली.

"पाटीशिवाय फोटोत घेता येणार नाही."

ती उठली नाही. त्या दिवशी वरण तसंच पडून राहिलं आणि गावच्या कुत्र्यांनी कोणतीही पाटी न बघता ते संपवलं.

साहेबांनी तोडगा काढला. जुना गंज वादग्रस्त म्हणून तालुक्याला जमा झाला. चार समाजांना चार नवे गंज मिळाले, वर समाजाचं नाव रंगवलेले. एका समाजाचा गंज दुसऱ्याने वापरू नये, असा नियमही आला. वाद निर्माण होऊन तो यशस्वीरीत्या मिटल्याबद्दल गावाला 'आदर्श एकोपा' पुरस्कार मिळाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग गुणाबाईच्या रंजीताचं लग्न ठरलं, गावातल्याच अजयशी. पोरगी एका पाटीची, पोरगा दुसऱ्या पाटीचा. पूर्वी दोन दिवस तोंडं वाकडी झाली असती आणि तिसऱ्या दिवशी सगळे वरणावर तुटून पडले असते. आता गुणाबाई गंज मागत फिरली. तिच्या पाटीवाले म्हणाले, पोरगी बाहेर चालली. अजयच्या पाटीवाले म्हणाले, पोरगी बाहेरची आहे. उरलेल्या दोघांनी आमचा काय संबंध म्हणून हात झटकले.

"तुह्या बापाच्या तेरवीले कोणाच्या हातचं खाल्लं रे?" तिने लटारूला विचारलं.

"तुह्याच, बाई. पण तवा पाटी नव्हती ना."

शेवटी ती साहेबांकडे गेली. साहेब खूश झाले. "मिश्र विवाहासाठी पाचवा गंज! प्रस्ताव पाठवतो. लग्न तेवढं दोन वर्षं थांबवा."

लग्न थांबलं नाही. गुणाबाईने घरच्या पातेल्यात घरच्यांपुरतं वरण केलं. आयुष्यभर गावाला वाढलेल्या बाईच्या दारी लेकीच्या लग्नाला एक पंगत बसली नाही. आणि गाव, नालायक लेकाचे, आपापल्या दारात उभं राहून वास घेत होतं.

तुम्हीही फार हळहळू नका, वाचकहो. गुणाबाई नेमकी कोणत्या पाटीखालची, हे तुम्ही मघापासून ताडून बघताय. जमलं नाही म्हणून चुटपुट लागली ना? या, साहेबांच्या शेजारची खुर्ची रिकामीच आहे.